लाल न दिसणारी फिल्म

आमच्या इस्पितळातलं एक्स-रेचं जुनं यंत्र काढून संगणकावर चालणारं नवं बसवलं, तेव्हा कोठीत फिल्मची बरीच खोकी शिल्लक राहिली. सगळ्यांची मुदत उलटून गेलेली. विभागप्रमुख म्हणाले, "भंगारात द्या." मी म्हटलं, "मी घरी नेते." त्यांनी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.

मी तिथे एक्स-रे काढते. सरळ झोपा, कुशीवर वळा, श्वास रोखा, एवढंच लोकांशी बोलण्यात माझी इतकी वर्षं गेली, आणि त्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही. माणसं मला बेताचीच आवडतात. लग्न केलं नाही. वडील सरकारी नोकरीत नागपूरहून भोपाळला आले, नेहरू नगरला त्यांनी घर बांधलं. आता त्या घरात मी आणि माझा मोठा भाऊ. वहिनी गेल्यापासून दादा टीव्ही आणि वर्तमानपत्र यांच्या मधल्या जागेत राहतो. मला मात्र फोटोंचा नाद होता. जुन्या शहरात एक स्टुडिओ बंद पडला तेव्हा त्यांचा लाकडी कॅमेरा मी उचलून आणला होता. तीन पायांवर उभा राहणारा, पुढे भाता असलेला, मागून काळं कापड डोक्यावर घेऊन बघायचा. त्यात घालायला फिल्म कुठे मिळत नव्हती, म्हणून तो कॅमेरा माळ्यावर पडून होता. एक्स-रेची फिल्म कापून त्यात बसवता येईल, हे कोठीतली खोकी बघताना माझ्या डोक्यात आलं.

या फिल्मचा स्वभाव मला चांगला ठाऊक होता. तिला लाल रंग दिसत नाही. म्हणून तर आम्ही ती लाल दिव्याच्या उजेडात हाताळायचो. तिच्या लेखी लाल म्हणजे अंधार. दोन्ही बाजूंनी लेप असतो, तोही इतका नाजूक की ओली असताना नख लागलं तरी ओरखडा उठतो. दुपारी मी मोरीचं दार लावून घेई, फटीत टॉवेल कोंबी, लाल दिवा लावी आणि कातरीने मोठ्या फिल्मचे चौकोन कापी. दादा बाहेरून ओरडे, "अगं, अंघोळीला जायचंय मला!"

पहिला फोटो दारासमोरच्या गुलमोहराचा काढला. फुलं कोळशासारखी काळी आली आणि पानं पांढरीशुभ्र. आकाश कोऱ्या कागदासारखं. मी तो ओला कागद हातात धरून बराच वेळ उभी राहिले. नंतर दादाला अंगणात खुर्चीवर बसवलं. त्याच्या गालावरचे डाग, जे रोज बघून मला दिसेनासे झाले होते, ते सगळे वर आले. ओठ काळे, डोळ्यांखाली खड्डे.

"मेल्यावर असा दिसेन मी," दादा म्हणाला.

"आत्ताही असाच दिसतोस," मी म्हटलं.

तो रागावला नाही. आमच्या घरात असंच बोलतात. पण मला त्या फोटोने पछाडलं. मोबाइलवरचे फोटो सगळ्यांना गोरंगोमटं करून सोडतात, आणि ही फिल्म चेहऱ्यावरची एकही गोष्ट माफ करत नव्हती. मला वाटलं, आता हा कॅमेरा घेऊन रस्त्यावर जायचं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी छोटा बाजार आहे. पोहे-जलेबीचं दुकान, एक शिंपी, किराणा, दोन-चार भाजीचे ठेले. एका रविवारी सकाळी ऊन अंगावर यायच्या आत मी तिथे तिपाई उभी केली, कॅमेरा चढवला आणि काळ्या कापडात डोकं घातलं. काचेवर सगळा बाजार उलटा दिसत होता. मी भाता मागेपुढे करत होते, तेवढ्यात कुणीतरी तिपाईच्या पायाला लाथ मारली. कॅमेरा कलला. मी कसाबसा धरला.

पोहेवाला समोर उभा होता. हातात जलेबीचा झारा.

"क्यों मैडम, नपती हो रही है क्या?"

त्याचं काय बिनसलं होतं ते मला लगेच कळलं. अतिक्रमण हटवणाऱ्यांची गाडी थोड्याच दिवसांपूर्वी येऊन गेली होती. बऱ्याच दुकानांचे पुढचे ओटे तोडले होते. त्याचा ओटा अर्धा वाचला होता. त्याआधी असेच कुणीतरी तिपाई घेऊन मोजणीला आले होते म्हणे.

"फोटो खींच रही हूँ," मी म्हटलं.

"किसके लिए?"

"अपने लिए."

या उत्तरावर कुणाचा विश्वास बसणार? तो हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. भाजीवाले सरकत जवळ आले. किराणावाला म्हणाला, नीट विचारा, कुठल्या दफ्तरातून आली आहे. एकाने माझ्या काळ्या कापडाचं टोक ओढलं. मी त्याच्या हातावर चापट मारली. मग आवाज चढले. मीही चढवला. मला त्या माणसांची भीती वाटत नव्हती, राग येत होता. इतकी वर्षं मी यांच्याकडून भाजी घेते, यांच्यातल्या निम्म्यांच्या फासळ्या मी पाहिल्या आहेत, आणि यांना माझा चेहरा आठवत नाही.

तेवढ्यात समोरच्या काकू आल्या.

काकूंचं घर आमच्या अगदी समोर. उज्जैनचं मराठी घराणं, काका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. आई गेली तेव्हा काकूंनी आमच्या घरी कित्येक दिवस डबा पाठवला होता. आमच्या गल्लीत माझ्याशी स्वतःहून बोलणारं माणूस म्हणजे त्याच. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि पोहेवाल्याला झापलं.

"अरे, ये हमारे सामनेवाली है! अस्पताल में एक्स-रे निकालती है. तेरी माँ का कूल्हा किसने देखा था?"

पोहेवाल्याने झारा खाली केला. पण मागे हटला नाही. काकू मला म्हणाल्या, "बेटा, तू यांचे सगळ्यांचे फोटो काढ आणि प्रत्येकाला एकेक दे. मग बघ कसे गप होतात. थांब, मी आमच्या ह्यांनाही बोलावते."

आणि खरंच सगळं वातावरण पालटलं. ज्याने कापड ओढलं होतं तोच केसांवरून कंगवा फिरवायला लागला. पोहेवाल्याने ॲप्रन काढून ठेवला. मेंदी लावलेल्या दाढीचा शिंपी दुकानातून खुर्ची घेऊन आला. काका काठी टेकत आले. त्यांची तब्येत बरी नव्हती. हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं, तारीख दोन आठवड्यांवर आलेली. काकूंनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मागे उभ्या राहिल्या. खांद्यावरून लाल पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्या कुंकू नेहमी मोठंच लावत.

मी काळ्या कापडाखाली गेले. काचेवर सगळे उलटे टांगलेले. सगळ्यात खाली काकूंचं कुंकू. ते काळं येणार, हे मला त्या क्षणी माहीत होतं. पदर काळा येणार, ओठ काळे येणार, काकांच्या चेहऱ्यावरचे वांग उठून दिसणार. मी त्यांना सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. मी फक्त बघत होते आणि मला ते चित्र हवं होतं.

"हिलना मत," मी ओरडले. भिंगावरचं झाकण काढलं, परत लावलं.

घरी येऊन फिल्म धुतली. ती वाळत घातली तेव्हा दादा आत आला, बघितलं आणि निघून गेला. मी कागदावर प्रती काढल्या. माझ्या हातून त्याआधी आणि त्यानंतरही तसा फोटो निघालेला नाही. पांढऱ्या आकाशाखाली ती सगळी माणसं दगडातून कोरल्यासारखी उभी होती. मागचा गॅसचा लाल सिलिंडर काळा ठिक्कर. पोहेवाल्याच्या नाकावरची प्रत्येक शीर दिसत होती. काकांच्या डोळ्यांत, जे ते घरात कुणाला दाखवत नसतील, ते आजारपण होतं. आणि काकू, काळ्या पदरात, कपाळावर काळा गोल.

पुढच्या रविवारी मी प्रती घेऊन बाजारात गेले. मला, हसू नका, कौतुक अपेक्षित होतं.

पोहेवाल्याने फोटो हातात घेतला आणि बराच वेळ त्याला आपण कोणते ते सापडेना. शेजारच्या भाजीवाल्याने बोट ठेवून दाखवलं आणि स्वतः खो-खो हसला. मग किराणावाला हसला. पोहेवाल्याचा चेहरा बदलला.

"ये क्या किया आपने? भरे बाजार में मेरा मुँह काला कर दिया!"

"फिल्म ऐसी है," मी म्हटलं. "लाल उसको काला दिखता है."

"तो मैं लाल हूँ क्या?"

लोक आणखी हसले. तो हसणाऱ्यांवर हात उगारू शकत नव्हता, त्यांच्याशी त्याला रोजचं राहायचं होतं. त्याने फोटो फाडला, दोन्ही तुकडे जलेबीच्या कढईखाली टाकले आणि मला म्हणाला, "आज के बाद इधर दिखना मत." एकटा शिंपी खूश होता. त्याची मेंदीची दाढी काळीभोर आली होती. त्याने फोटो काचेच्या आत लावला आणि दुसऱ्या दिवशी काढूनही टाकला. शेजाऱ्यांनी सांगितलं असणार.

मी तशीच काकूंकडे गेले. त्या ओसरीवर गहू निवडत होत्या. त्यांनी हात पदराला पुसून फोटो घेतला. मी त्यांच्याकडे बघत होते, म्हणून मला नेमकं दिसलं. आधी त्यांनी काकांना शोधलं. मग स्वतःला. मग त्यांचा हात आपोआप कपाळाकडे गेला.

"हे काय ग केलंस माझ्या कपाळाचं?"

मी त्यांनाही तेच सांगितलं. फिल्मला लाल दिसत नाही वगैरे.

"फिल्मला नाही दिसत," काकू म्हणाल्या. "तुला दिसत होतं ना?"

"हो."

"असं काळं येणार, हे तुला आधी माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "माहीत होतं," मी म्हटलं.

"बुक्का लावल्यासारखी दिसतेय मी. विधवेसारखी. यांना या आठवड्यात दवाखान्यात भरती करायचंय, आणि तू मला हे आणून दाखवतेस?"

"काकू, तो नुसता फोटो आहे."

"नुसता? मग ती फिल्म आण इकडे आणि टाक चुलीत."

"नाही आणणार."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता या मांडीवरचं गव्हाचं सूप फेकून मारतात. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या उठल्या, फोटो पायरीवर ठेवला आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. काकूंच्या दाराला मी दिवसा कधी कडी पाहिली नव्हती.

घरी दादा माझ्यावर उखडला. इतका मोठा आवाज मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

"त्या बाईने आईच्या वेळी आपल्याला जेवू घातलं. तुला एक फिल्म देववत नाही?"

"ते माझं काम आहे."

"तुझं काम इस्पितळात आहे. हा चाळा आहे. लोकांना नागडं करण्याचा चाळा."

मी मोरीत जाऊन दार लावून घेतलं.

त्यानंतर गल्लीने जे करायचं ते केलं. दूधवाला दारात पिशवी ठेवायचा, ती फुटलेली मिळू लागली. पोहेवाल्याकडचं खरकटं आमच्या फाटकासमोर पडायला लागलं. मी ते झाडून परत त्याच्या दुकानासमोर नेऊन टाकलं, तर तो शिव्या देत बाहेर आला. मीही दिल्या. लहानपणी शाळेत शिकलेल्या सगळ्या शिव्या उपयोगी पडल्या. एका सकाळी उठून बघते तर फाटकावरची आमची पाटी, वडिलांच्या नावाची, डांबराने माखलेली. दादा रॉकेलमध्ये फडकं बुडवून ती घासत बसला. मला हात लावू दिला नाही.

काकांना आमच्याच इस्पितळात भरती केलं. ऑपरेशनच्या आधी छातीचा एक्स-रे लागतोच, आणि त्या पाळीला मीच होते. काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या. मला बघताच उठल्या आणि नर्सला म्हणाल्या, "ये नहीं. दूसरी को बुलाओ." नर्सने सांगितलं, दुसरं कुणी नाही. काकू ऐकेनात. शेवटी काकाच म्हणाले, "असू दे. मी जातो," आणि काठी बाहेर ठेवून एकटे आत आले. मी दार लावलं.

काका शांत माणूस. कधी कुणाला वर आवाज केला नाही. मला वाटलं, निदान हे तरी समजून घेतील. मी म्हटलं, "काका, छाती या पाटीला टेकवा. हनुवटी वर. हात कमरेवर, खांदे पुढे."

त्यांनी सगळं तसं केलं. मग पाटीला टेकलेले असतानाच, माझ्याकडे न बघता बोलले.

"फोटो मी पाहिला. चांगला आहे."

मी यंत्राचं तोंड त्यांच्या पाठीच्या उंचीला आणलं.

"ती आता रोज आरशासमोर उभी राहते. कुंकू लावते, पुसते, परत लावते. मी झोपेचं सोंग घेऊन बघतो. तू इतकं बारीक बघतेस ना माणसांना? मग हे तुला आधी दिसलं नाही?"

"काका, मी मुद्दाम..."

"मुद्दाम नाही केलंस, ते कळतं. तुला त्याचं काही पडलंच नव्हतं. तुला माणसं नकोत, बेटा. तुला हाडं हवीत. घे, काढ."

मी काचेमागे गेले. "श्वास घ्या. रोखा." यंत्र वाजलं. "सोडा."

पडद्यावर त्यांचं मोठं झालेलं हृदय आलं. मी नेहमीसारखा क्रमांक टाकला आणि पुढे पाठवलं. ते जाताना वळले नाहीत.

मला त्यांचा भयंकर राग आला होता. घरी जाईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. चारचौघांत उभं राहून फोटो काढून घेतलात, मग जसे आहात तसे दिसलात म्हणून माझ्यावर का चिडता? माझं म्हणणं बरोबर होतं. ते आजही बरोबर आहे असं मला वाटतं. पण कुंकू पुसून परत लावणारा काकूंचा तो हात मी पाहिला नसूनही डोळ्यांसमोरून जाईना, आणि त्याचाही मला राग येत होता.

काकांचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. ते घरी आले, काठीशिवाय गच्चीत फिरायला लागले. मला वाटलं, आता तरी काकूंचा राग उतरेल. नवरा धडधाकट परत आला, आता त्या काळ्या गोलाचं काय भय? पण त्या माझ्या वाऱ्यालाही उभ्या राहत नव्हत्या. समोरासमोर आलो तर रस्ता ओलांडून पलीकडून जात.

शेवटी मीच फिल्म पाकिटात घालून त्यांच्या दारी गेले. दादाने सांगितलं म्हणून नव्हे. रोज सकाळी ते दार बंद बघून मी कंटाळले होते.

काकूंनी दार उघडलं, पण आत ये म्हटलं नाही. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी फिल्म बाहेर काढून उजेडाला धरली. फिल्मवर सगळं उलटं असतं. जे फोटोत काळं, ते तिच्यावर स्वच्छ पारदर्शक. त्यांच्या कपाळावर तिथे उजेडाचा एक गोल होता. मला ते त्यांना सांगावंसं वाटलं. मी तोंडसुद्धा उघडलं. पण त्या तोवर अंगणातल्या नळाकडे गेल्या होत्या.

तिथे खरकटी भांडी पडली होती. त्यांनी नळ सोडला, तारेच्या घासणीला राख लावली आणि फिल्म दगडावर ठेवून घासायला सुरुवात केली. कढई घासावी तशी, जोर लावून, दोन्ही बाजूंनी. लेप भिजून सुटायला लागला. काळा चिकट ओघळ मोरीकडे वाहत गेला. पोहेवाला गेला, शिंपी गेला, काका गेले. मी उभी राहून बघत होते. थांबवलं असतं तर त्या थांबल्या नसत्या.

शेवटी हातात नुसती निळसर कोरी पट्टी उरली. ती त्यांनी झटकली आणि माझ्यापुढे धरली.

"घे."

"हे घेऊन मी काय करू?"

"मला काय माहीत? मला तर ते होतं तेव्हाही कळलं नव्हतं, त्याचं तू काय करणार."

मी पट्टी घेतली. माझे हात त्यांच्या राखेच्या पाण्याने ओले झाले. फाटक लावून मी आमच्याकडे आले.

आता मी गल्लीत कॅमेरा नेत नाही. तिपाई रिक्षात घालून कोलार रोडला जाते. तिथे रोज नवी कॉलनी उभी राहते, आणि कुणीच कुणाला ओळखत नाही. तिथेही लोक हटकतात. एका चौकीदाराने तर कुत्रं सोडलं होतं अंगावर. तिथल्या लोकांचेही फोटो काळेच येतात. त्यांतले काही चांगले आहेत.

या दिवाळीला मी ड्यूटीवर असताना काकूंनी फराळाचा डबा पाठवला. दादाच्या हातात देऊन सांगितलं, "तुमच्यासाठी आहे." तुमच्यासाठी म्हणजे एकट्या दादासाठी, हे त्यांनी दोनदा सांगितलं म्हणे. मी रात्री घरी आले तेव्हा डबा ओट्यावर होता. दादा म्हणाला, "खा. मी सांगणार नाही."

मी दोन चकल्या खाल्ल्या. खुसखुशीत होत्या, तिखट जरा जास्त. दुसऱ्या दिवशी डबा दादानेच परत नेऊन दिला.